पांढरीतला तांब्या

जमादारानं पोत्याचं तोंड सोडून ते उलटं केलं, आणि आतलं भांडं फरशीवर पडलं तेव्हा झालेला आवाज तांब्याचा नव्हता. ओल्या मातीचं ढेकूळ पडावं तसा बद्द आवाज. बन्सीचा हातोडीचा हात वरच्या वर थांबला. सकाळचे नऊ वाजले असतील. नगरची तांबटगल्ली नुकती सुरू झाली होती. समोरच्या आणि शेजारच्या दुकानांतून ठोके पडत होते, तरी त्या गोंगाटात हा एवढासा आवाज त्याला नको तितका स्पष्ट ऐकू आला. वयाच्या आठव्या वर्षापासून तो या गल्लीत बसत होता. पाठीमागे भांडं पडलं तर ते हंडा आहे की घागर, रिकामं आहे की भरलेलं, हे तो मान न वळवता सांगायचा. हे काय आहे ते मात्र त्याला कळेना. त्यानं खाली पाहिलं. हिरव्या-पांढुरक्या पापुद्र्यांचा एक गोळा होता, एका बाजूनं पोट असलेला, दुसऱ्या बाजूनं खपल्या धरलेला.

"फौजदारसायबांनी पाठवलंय," जमादार म्हणाला. "हे किती साल मातीत हुतं, तेवढं सांग. तुझ्यावानी पारख दुसऱ्या कुनाला न्हाई म्हनत्यात."

"कुठं सापडलं?"

"जामखेड रस्त्याला, एका गावात. पांढरी खनत हुते लोक. भांड्यासंगं हाडं निघाली. बाईमानसाची."

चैत्र लागला की त्या अंगाच्या सगळ्या गावांतून पांढरी खणतातच. पांढरी म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीचं टेकाड. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि घरांच्या भिंती जिरून खारावलेली माती. पावसाळ्याआधी धाब्याच्या घरांवर ती घालायची, म्हणजे पाणी गळत नाही. उरली तर शेतात खत म्हणून टाकायची. प्रत्येक गावाला अशी एक पांढरी असते, बन्सीनं स्वतःला सांगितलं. जामखेड रस्त्याला गावंही पुष्कळ आहेत. त्यानं भांडं उचललं. हलकं लागलं. तांब्याच्या वजनाचा हाताला जो अदमास असतो त्याच्या निम्मंच होतं, आणि पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसा त्याचा हात वर उडाला.

वडील शिकवायचे, तांबं मातीत मरतं, पण सगळ्या मातीत सारखं मरत नाही. काळ्या रानात पुरलेलं भांडं पन्नास वर्षांनी काढलं तरी चिंच लावून घासलं की उठून बसतं. वर काळपट, त्याच्याखाली विटेसारखा लाल थर, आणि त्याखाली तांबं धडधाकट. खाऱ्या मातीचं तसं नाही. तिथं हिरवा थर बसतो, त्याला जंगाल म्हणतात. तो तांब्याला झाकत नाही, खात राहतो. पोपटी भुकटी सुटते, खड्डे पडतात, आणि भांडं वर काढून कोरडं करून फडताळात ठेवलं तरी ते खाणं थांबत नाही. मीठ आत शिरलेलं असतं. वडिलांनी एकदा अशी एक पळी मुद्दाम कोनाड्यात ठेवून दाखवली होती. दर पावसाळ्यात तिच्याखाली चिमूटभर पोपटी भुकटी सांडलेली असायची.

बन्सीनं नखानं खपली उचलली. भुकटी बोटाला लागली. त्यानं भांडं फिरवलं तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं की ते अर्धंच खाल्लेलं आहे. एका अंगाला जाळी झालेली, बोट आरपार जाईल अशी. दुसऱ्या अंगाला जंगाल जवळजवळ नव्हतं. नुसतं काळं-तपकिरी, चुलीवरच्या भांड्यासारखं. मधून रेघ ओढल्यासारखी सीमा होती.

"हे आडवं पडलं हुतं," तो म्हणाला. "खालची बाजू मातीत, वरची वाऱ्याला. वर माती नव्हतीच याच्या."

जमादार चकित झाला. "बराबर हाय. आत पोकळी हुती. बायका खनून खनून कपार करत्यात ना, तसली. तोंडावर दरड पडलेली, पर आतली कपार जशीच्या तशी. कुदळ लागली तसं भसकन आत गेलं म्हनत्यात."

शेजारच्या दुकानातून खाजाभाई उठून आले होते. ते कल्हईचं काम करायचे. बन्सीच्या वडिलांच्या वयाचे. उंबऱ्यापाशी टेकले. बन्सीनं पाण्यात भिजत घातलेली चिंच घेतली, मिठाचा खडा घेतला आणि भांड्याच्या धड अंगावर अंगठ्यानं हळू घासायला लागला. हे करायची काही गरज नव्हती. जमादारानं विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं: पांढरीची माती, अमुक इतकं खाणं, म्हणजे सात ते नऊ वर्षं. पण अंगठा थांबेना. काळं गेलं, तपकिरी गेलं, आणि रुपयाएवढ्या जागेत तांबं लाल होऊन वर आलं, त्यावर हातोडीच्या टिकल्या दिसल्या. मठार. भांडं घडवून झालं की त्यावर हलके ठोके मारून टिकल्यांची नक्षी उठवतात ती. नगरात, पुण्यात, कुठंही ती उजवीकडे कलते, कारण मारणारा हात उजवा असतो.

ही डावीकडे कलत होती.

बन्सी डावखुरा होता. वडिलांनी हातावर मारून मारून सवय मोडायचा प्रयत्न केला होता आणि शेवटी नाद सोडला होता. गल्लीत दुसरा डावखुरा कारागीर नव्हता. आता त्यानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर आपला डावा हात भांड्यावरून काढून मांडीखाली घेतला. गल्लीतले ठोके पडतच होते. पण ते आता कुठूनतरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखे येत होते. आणि त्याच्या मनात एवढंच चाललं होतं की हा तांब्या आहे, तांब्या; मघापासून आपण याला भांडं म्हणतोय. एकोणिसाव्या वर्षी केलेला पहिला अख्खा तांब्या, गोजराक्काला सासरी जाताना दिलेला. तिनं तो उन्हात धरून फिरवला होता आणि म्हणाली होती, "बन्सी, समदी टिकली डावीकडंच पळतीया की रं." आणि मग त्याचं तोंड उतरलेलं पाहून, "पळू दे, आपला तांब्या लोकांत वळखू तरी येईल."

"किती वर्सं मग?" जमादारानं विचारलं.

"आठ," बन्सी म्हणाला. "पुढच्या म्हैन्यात आठ हुतील."

एकेचाळीस सालचा वैशाख. शुक्रवारी दुपारी आक्काचा नवरा गहिनीनाथ जामखेड रस्त्यावरच्या आपल्या गावाहून घामानं निथळत दुकानात आला होता. आल्या आल्या त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. "गोजर इकडं आली का?" आदल्या दिवशी दुपारपासून ती नव्हती. माती आणते म्हणून पाटी-कुदळ घेऊन गेली, असं एक म्हणत होतं. ओढ्याकडे दिसली, असं दुसरं म्हणत होतं. संध्याकाळी वळीव कोसळला होता. रात्रभर वाट पाहिली. सकाळी गडी जमवून दोन विहिरींचे तळ धुंडाळले. आता ओढा बघायचा, पांढरी बघायची, पण म्हटलं आधी माहेरी बघून यावं. हे सगळं तो एका दमात बोलला होता. ओढा बघायचा, पांढरी बघायची. हे शब्द बन्सीनं त्यानंतर आठ वर्षांत कधी आठवले नव्हते, आणि आता ते काल ऐकल्यासारखे, गहिनीनाथाच्या घोगऱ्या आवाजासकट, समोर येऊन उभे राहिले. बन्सी तेव्हा वीस वर्षांचा होता. वडिलांच्या तोंडावरचा रंग गेलेला त्यानं पाहिला आणि त्याला वाटलं, आपण काहीतरी सांगायला पाहिजे. काल गुरुवारी संध्याकाळी तो एका गिऱ्हाइकाचा हंडा पोचवायला ठेसनावर गेला होता. मनमाडकडची गाडी सुटत होती. बायकांच्या डब्यात चढताना एक पाठ दिसली होती, जांभळं लुगडं, तसलीच अंगलट. आक्का वाटली होती. हाक मारावी असंही वाटलं नव्हतं, इतकं ते ओझरतं होतं. "काल ठेसनात आक्कावानी एक बाई पायली मी," तो म्हणाला.

तेवढंच तो म्हणाला होता. याची तो शपथ घेऊ शकला असता. पण 'आक्कावानी' मधलं 'वानी' कोणाच्या कानात शिरलंच नाही. गहिनीनाथ मटकन खाली बसला. त्यांच्या गावचा मच्छिंद्र, मोटारीवरचा क्लीनर, त्याच गुरुवारी गाव सोडून गेला होता. स्टँडवर आक्का त्याच्याशी एकदा हसून बोलली होती म्हणे. दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्या आणि घट्ट बसल्या, डाग देऊन सांधलेल्या जोडासारख्या. वडिलांनी विचारलं, "तोंड पायलंस?" आणि बन्सीनं काय उत्तर दिलं? त्यानं उत्तर दिलं नव्हतं. खाली पाहिलं होतं. ते खाली पाहणं लोकांनी होकार म्हणून घेतलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून गल्लीत त्याला मोठ्या माणसासारखं वागवायला लागले. घरातली अब्रूची गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि त्यानं ती लपवली नव्हती. गहिनीनाथ गावी परत गेला आणि जमवलेले गडी आपापल्या घरी गेले. ओढा कोणी बघितला नाही. पांढरी कोणी बघितली नाही. दोन महिन्यांनी मच्छिंद्राची आई लंकाबाई पोराचं पत्र घेऊन दारात आली होती. पोरगा पलटणीत भरती झालाय, एकटाच आहे, बाईची भानगड त्याला ठाऊकसुद्धा नाही, असं लिहिलं होतं. वडिलांनी पत्र हातात न घेता दार लावून घेतलं. बन्सी आतच होता. तिची चाहूल दाराबाहेर बराच वेळ राहिली होती. पुढं चव्वेचाळीस साली मच्छिंद्र ब्रह्मदेशात लढाईत गेल्याचं कळलं तेव्हा लोक म्हणाले, मग बाई कुठं असंल आता. त्याच साली वडीलही गेले.

"जमादार," बन्सी म्हणाला, "ही माझी भन हाय. गोजर."

जमादारानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "ती? मच्छिंद्राबरूबर पळालेली?"

"न्हाई पळाली ती."

खाजाभाईंनी उंबऱ्यावरून उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जमादार आता मऊ झाला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांत्वन करावं म्हणून बोलू लागला. "दरड पडली म्हंजे काय, मानसाच्या हातात काय हाय. आनि कुटं इस्कटलीबी न्हवती हाडं. बसल्याजागी हुती. भितीला टेकून बसल्यावानी. तिची कुदळ बाहीर ढिगाऱ्याखाली घावली. आत फकस्त ही बाई नि ह्यो तांब्या. आनि आतल्या अंगाला एक बीळ हुतं, हातभर असंल. घुशीनं केलं असंल."

बन्सीनं ऐकलं. प्रत्येक वाक्य सुटं ऐकलं. बसल्याजागी. कुदळ बाहेर. हातभर बीळ. मग त्याची नजर आपोआप तांब्याच्या तोंडाकडे गेली, आणि तो नको नको म्हणत असतानाच त्याच्या डोळ्यांनी काम सुरू केलं. वीस वर्षांची सवय होती. तोंडाची कड चार-पाच जागी आत दुमडलेली होती. मातीनं खाल्लेलं तांबं दुमडत नाही, ते भाकरीच्या कडेसारखं तुटतं. दुमडायला तांबं धड लागतं, नवं लागतं. आणि कड दुमडली होती ती धड बाजूला, वाऱ्याकडच्या, जिथं माती पोचलीच नव्हती. परवाची कुदळ एका जागी निसटती लागली होती. तो ओरखडा लालभडक, चकचकीत होता. पण दुमडलेल्या घड्या आणि तोंडाकडून पोटाकडे गेलेले शेकडो ओरखडे, उभे, एकाच दिशेचे, ते सगळे बाकीच्या अंगासारखेच काळे-तपकिरी झालेले होते. म्हणजे ते तांब्याइतक्याच वेळ तिथं होते. आठ वर्षांपूर्वीचे होते. घड्यांत माती ठासून बसली होती, पांढरी माती, दगडासारखी.

त्यानं वर पाहिलं. खाजाभाईही तांब्याच्या तोंडाकडेच पाहत होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या भांड्यांना कल्हई लावली होती. त्यांना सांगावं लागणार नव्हतं.

जमादारानं कागदावर लिहून घेतलं: तांब्या ओळखला, बहिणीचा, मुदत आठ वर्षं. "आनि काय सांगायचं हाय?" त्यानं विचारलं. त्याला सांगायचं होतं की ते बीळ घुशीचं नव्हे. त्याला सांगायचं होतं की शुक्रवारी दुपारी गडी जमलेले होते. पण तोवर जमादारानं त्याच्या डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला, बन्सीला सही येत असूनही. त्यालाही ते सुचलं नाही. उद्या सकाळी ठाण्यावर येऊन हाडं ताब्यात घ्या असं सांगून जमादार तांब्या पोत्यात घालून निघून गेला. फरशीवर थोडी पोपटी भुकटी राहिली.

"बन्सी," खाजाभाई अगदी हळू म्हणाले, "तुझ्या आईला सांगताना एवढंच सांग. माती पडली, जागच्या जागी गेली. पुढचं सांगू नकोस. म्हातारीला कशाला."

"तुमाला किती दिस वाटत्यात?" बन्सीनं विचारलं.

"ते मला नको विचारू."

"एक दिस? दोन?"

खाजाभाईंनी मान फिरवली. "तांब्यात पाणी असंल तर," ते म्हणाले आणि आपल्या दुकानाकडे वळले.

घर गल्लीच्या टोकाला होतं. दीडशे पावलांचा रस्ता. ऊन चढलं होतं. बन्सी चालत होता आणि प्रत्येक दुकानातून त्याला कोणीतरी काहीतरी विचारत होतं, किंवा त्याला तसं वाटत होतं. शुक्रवारी दुपारी मी जेवलो होतो, त्याच्या मनात आलं. गहिनीनाथ गेल्यावर आईनं ताट वाढलं होतं, रडत रडत, आणि मला भूक लागली होती आणि मी जेवलो होतो. शनिवारी मी एका परातीची कड वळवली. रविवारी दुकान बंद होतं, मी दुपारभर झोपलो. सोमवारी. सोमवारपर्यंत तो गेला आणि थांबला. एका भिंतीला हात टेकून उभा राहिला. खाजाभाई बरोबर सांगत होते. म्हातारीला कशाला. माती पडली, जागच्या जागी गेली. वाक्य सोपं होतं, गुळगुळीत होतं. आठ वर्षांपूर्वीचं वाक्यही असंच सोपं होतं.

आई, बायडाबाई, ओसरीवर बाजरी निवडत बसली होती. तिनं मान वर केली. "पोलीस आलता म्हनं दुकानात. मुक्ताबाई सांगत व्हती. काय झालं?"

तो तिच्यासमोर खाली बसला. "आक्का घावली."

तिची बोटं सुपात थांबली. मग तिच्या तोंडावर जे आलं ते पाहून बन्सीचा जीव उडाला, कारण तो आनंद होता. "कुठं हाय? मुंबईला? बरी हाय का? कुनासंगट निरोप धाडला? आरं बोल की."

"आये, जित्ती न्हाई ती. तिथंच व्हती. सासरच्या गावात, पांढरीत. माती आनाया गेल्ती तवाच दरड पडली."

"तवाच म्हंजी?"

"त्याच दिशी. बेस्तरवारी."

आनंद तिच्या तोंडावरून एकदम गेला नाही. तो तसाच राहिला, आणि त्याच्याखालून दुसरं काहीतरी वर येत राहिलं. "मंग तू ठेसनात कुनाला पायलंस?"

"पाठ पायली व्हती. लुगडं तसं व्हतं."

"तोंड पायलं म्हनलास तू."

"न्हाई म्हनलो मी तसं. पर समदे म्हनाय लागले तवा गप बसलो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मुलाकडे पाहतात तसं नाही. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हा कोण, कशाला आला, असं बघतात तसं. "लगीच गेली का?" तिनं विचारलं. "माती पडली तशी? तरास न्हाई ना झाला तिला?"

'न्हाई' म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. तो त्याच्या जिभेवर तयार होता आणि त्यानं मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यावर त्याला कळलं की हेच, अगदी हेच, आपण त्या दिवशी केलं होतं. त्यानं मान वर केली.

"लगीच न्हाई गेली," तो म्हणाला. "कपारीत अडकली व्हती. तांब्यानं खनत व्हती. तांब्याचं तोंड समदं दुमडलंय, आये. हातभर खनलं व्हतं तिनं."

"किती दिस?"

"ठावं न्हाई. शुक्रवारी जित्ती आसंल. शनवारीबी आसंल. गहिनीनाथानं गडी जमवले व्हते, पांढरी बघनार व्हते. मी सांगितलं म्हनून कुनी बघितली न्हाई."

तो मार खायला बसला होता. शिव्याशाप, ऊर बडवणं, गल्ली गोळा होणं, यातलं काहीही झालं असतं तरी त्याला सुटल्यासारखं झालं असतं. आईनं सूप बाजूला ठेवलं. निवडलेली बाजरी आणि खडे एकमेकांत मिसळले, ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. भिंतीचा आधार घेऊन ती उठली, आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी केलेलं एक नवं लुगडं होतं, आणि पदर डोक्यावर होता.

"चल," ती म्हणाली.

"आये, सायबांनी उद्या बोलावलंय. सकाळी. आज कुनी हाडं देनार न्हाईत."

"उद्या म्हनूनच तिची आठ वर्सं गेली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्ये देतील न्हाईतर न देतील. मी तिथं जाऊन बसते. तिच्यापाशी. तू येतोस का न्हाईस?"

तो उठला. दोघं उंबऱ्याबाहेर आली. समोरच्या दारात मुक्ताबाई उभी होती, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी. पोलिसाची बातमी गल्लीभर झालेली होती आणि सगळ्यांना काहीतरी कळायला हवं होतं.

"एवढ्या उन्हाचं कुठं निघालात, बायडाबाई?"

आई थांबली. काखेतलं लुगडं तिनं नीट धरलं.

"लेकीला आनाया," ती म्हणाली.

"कुनाच्या?"

"माझ्या. गोजरला." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, समोरच्या दुकानांपर्यंत पोचेल असं: "ती कुठं गेली न्हवती. घराच्या हाकेवर व्हती. आमीच गेलो न्हाई."

आई चालायला लागली. बन्सीनं दाराची कडी ओढली, कुलूप लावायला गेला. आई तोवर पुढं गेली होती. त्यानं कुलूप तसंच उघडं लटकू दिलं आणि तापलेल्या रस्त्यावरून अनवाणीच तिच्यामागे निघाला.